आधी रात्रीचं जेवण अलीकडे आणा : इंटरमिटंट फास्टिंग नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

सांगलीत आमच्या मागच्या गल्लीत एक जैन काकू राहतात. संध्याकाळी सात-साडेसातला आमच्याकडे कुकर चढत असतो, तेव्हा त्यांच्याकडे भांडी घासून पालथी पडलेली असतात. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि सकाळी सूर्य उगवून ४८ मिनिटं झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हा त्यांचा नेम. सकाळच्या या नेमाला त्या नवकारशी म्हणतात. हिशेब केला तर रोज बारा-तेरा तास पोट रिकामं.

आपल्याकडेही चातुर्मासात कुणी एकभुक्त राहतं, कुणी नक्त करतं म्हणजे दिवसभर उपाशी राहून रात्री जेवतं, तर कुणी धरणं-पारणं करतं : एक दिवस उपास, एक दिवस जेवण. इंटरमिटंट फास्टिंगचे, म्हणजे ठरावीक तास किंवा दिवस उपाशी राहण्याचे, म्हणून आज जे प्रकार सांगितले जातात, त्यातले बरेचसे आपल्या आज्यांनी वेगळ्या नावाने केलेले आहेत. त्यांचा हेतू पुण्याचा होता, आपला तब्येतीचा आहे. आणि पानात काय पडतं याने तर सगळंच बदलतं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण अनुभवातूनच आलेली आहे.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. ४६व्या वर्षी वजन ७४ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर आणि एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आल्यावर डॉक्टरांशी बोलून मी हे सुरू केलं. त्याआधी एकदा माझ्या मनाने करून पाहिलं होतं. सकाळचा नाश्ता बंद केला, दुपारी एकपर्यंत कशीबशी उपाशी राहिले आणि रात्री दहाला पोटभर जेवले. तीन आठवड्यांत सोडून दिलं. बहुतेक जण अशीच सुरुवात करतात, म्हणून माझं पहिलं सांगणं हेच आहे की नाश्त्याला हात लावू नका. रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करा.

यात नेमकं काय होतं

खाल्लं की रक्तातली साखर वाढते आणि ती पेशींत पोचवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन चढलेलं असेपर्यंत शरीर साठवणीच्या कामात असतं. काही तास पोटात काही गेलं नाही की इन्सुलिन उतरतं, यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरलं जाऊ लागतं, आणि ते कमी होत जाईल तशी शरीर चरबी जास्त वापरायला काढतं. सकाळी सहाच्या चहापासून रात्री साडेदहाच्या दुधापर्यंत तोंड चालूच राहिलं, तर या उताराला वेळच मिळत नाही.

चोवीस तासांची ‘खाण्याचे तास’ आणि ‘न खाण्याचे तास’ अशी वाटणी करायची, एवढीच मूळ कल्पना. बारा तास उपास आणि बारा तास खाणं, ही सगळ्यात सोपी वाटणी. पुढे १४:१० आणि १६:८. ‘पाच-दोन’ म्हणून आणखी एक प्रकार आहे. त्यात आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखं जेवायचं आणि दोन दिवस बायकांनी साधारण ५०० व पुरुषांनी ६०० किलोकॅलरींत भागवायचं. दिवसातून एकदाच जेवणारेही आहेत. नवख्याने या शेवटच्या दोन वाटांना जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोचवला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली त्यांची पद्धत अशी : दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर मात्र थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खायला सांगतात. या दोन पद्धतींवरून आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाद झालेले मी ऐकलेत. ज्याला दोन जेवणांवर दिवस निभावतो, त्याने जरूर तसं करावं. मला शाळेचे आठ तास सांभाळून ते झेपलं नाही. दहा तासांत चार वेळा खाणं झेपलं, आणि ते आजही चालू आहे.

आता अपेक्षा किती ठेवायच्या ते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२० साली एक अभ्यास झाला. ११६ जण, बारा आठवडे. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ याच वेळेत खायचं, पण काय आणि किती खायचं यावर बंधन नाही. दुसऱ्या गटाने नेहमीसारखं तीन वेळा जेवायचं. शेवटी दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक निघाला नाही. चीनमधल्या ग्वांगझूला २०२२ मध्ये १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभराचा अभ्यास झाला. सगळ्यांनाच आहार कमी करायला सांगितला होता, त्यातल्या अर्ध्यांना तो सकाळी ८ ते दुपारी ४ यातच घ्यायचा होता. त्यांचं वजन सरासरी ८ किलोने उतरलं, वेळेचं बंधन नसलेल्यांचं ६.३ किलोने. हा फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याएवढा नव्हता. म्हणजे घड्याळात जादू नाही. घड्याळामुळे आपोआप कमी खाल्लं गेलं, तर वजन उतरतं. रात्री नऊनंतरची बिस्किटं, फरसाण, आइस्क्रीम आणि उरलेला भात हे सगळं या एका कुंपणाने बाहेर राहतं, आणि सारखं मोजमाप न करता राहतं, हा त्याचा खरा उपयोग.

तरीही वेळेला स्वतःचं थोडं महत्त्व आहे असं दिसतं. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांवर एक छोटा प्रयोग केला. त्यांना दिवसाचं शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत दिलं, आणि वजन घटू नये इतकं खायला घातलं. पाच आठवड्यांत त्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं, रक्तदाबही उतरला. माणसं आठच, पण खाणं दिवसाच्या पहिल्या भागाकडे सरकवण्याला काही अर्थ आहे हे त्यातून दिसतं. दुपारी तीनला शेवटचं जेवण आपल्या कुणाच्याच घरात शक्य नाही. साडेसात शक्य आहे.

सुरू करण्याआधी : हे कोणी करू नये

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, ७२ वर्षांचे. पंधरा वर्षांचा मधुमेह. रोज सकाळी सातला ग्लिमेपिराइडची गोळी आणि लगेच नाश्ता, असा त्यांचा क्रम. माझं वजन उतरलेलं पाहून त्यांनी कुणाला न विचारता ठरवलं की आपणही दहाला खायचं. गोळी मात्र सातलाच घेतली. सव्वानऊला मी अंगणात आले तर ते ओट्यावर बसलेले, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, फुलांची परडी पायाशी कलंडलेली. ‘काय होतंय अण्णा?’ विचारलं तर जीभ जड, शब्द नीट फुटेना. बोट टोचून पाहिलं, साखर ५४. पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तेव्हा ८२ आली. मग दूध-भाकरी दिली. हात थरथरायचे थांबायला अर्धा तास गेला. मी घरात सगळ्यांना उपासाचे फायदे सांगत होते, पण गोळ्यांबद्दल एक शब्द बोलले नव्हते. ती चूक माझी. म्हणून हा भाग मी सगळ्यात आधी सांगते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसंच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांनी औषधाची मात्रा आणि वेळ बदलून दिल्याशिवाय खाणं एक तासही पुढे ढकलू नये. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या असतील तर लांबलेल्या उपासात रक्तातलं आम्ल धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं, तेव्हा तिथेही आधी विचारणं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वजन आणि मीठ कमी झालं की चक्कर येऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, आधीच कृश असलेली माणसं, आणि खाण्याविषयी ज्यांना पूर्वी मानसिक त्रास झाला आहे, म्हणजे उपाशी राहणं, मग अधाशासारखं खाणं, ओकून टाकणं, यांनी हा मार्ग धरू नये. पित्ताशयात खडे किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि घरात मधुमेही माणूस असेल तर साखर ७०च्या खाली गेल्यावर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या : तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग खाणं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना.

पहिला आठवडा : काही बदलू नका, फक्त लिहा

कंबर मोजा. शिंप्याची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. आपल्या लोकांत पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की जपायला हवं. बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याच्या, बाबतीतही भारतीयांसाठी २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे पोटाभोवतीची चरबी लवकर साठते. शक्य असेल तर एचबीए१सी, हिमोग्लोबिन आणि बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं फार नेहमीचं आहे. तो अशक्तपणा मग उपासाच्या माथी मारला जातो.

त्यानंतर एका वहीत सात दिवस फक्त वेळा लिहा. पहिला घास किंवा पहिला गोड चहा किती वाजता, शेवटचा घास किती वाजता, आणि मधे काय काय. माझ्या वहीतला पहिला दिवस असा होता : ६.१० चहा, दोन बिस्किटं. ८.३० पोहे. १० शाळेत चहा. १.३० डबा. ३.३० कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा. ५.३० चहा, खारी. ७ भाजी करताना शेंगदाणे. ९.३० जेवण. १०.४० पातेल्यातला उरलेला भात दह्याबरोबर, कारण टाकवेना. साडेसोळा तास माझं तोंड चालू होतं, आणि मला वाटत होतं मी तीनदाच खाते. ते पान मी अजून ठेवलंय. वही लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा आणि तिसरा आठवडा : बारा तास

रात्री आठला जेवण संपवा, सकाळी आठला पहिला घास. बस. खाण्यात काही बदल नको, दुपारच्या चहाला हात नको. एकदम आठ जमत नसेल तर दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. साडेनऊवरून आठवर यायला मला सतरा दिवस लागले.

जेवणानंतर दात घासणं ही युक्ती छोटी आहे पण फार कामाची. तोंड स्वच्छ झालं की पुन्हा काही टाकावंसं वाटत नाही. स्वयंपाकघरातला दिवा मालवायचा. उरलेलं अन्न जेवायला बसायच्या आधीच डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवायचं, नंतर नाही. आपल्या घरांत ‘अन्न टाकू नये’ हा संस्कार चांगलाच आहे, पण उरलेला भात पोटात ढकलून तो पाळला जातो असं समजू नका. सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो.

चहाचं काय

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उपासाच्या तासांत पाणी, बिनसाखरेचं लिंबूपाणी, बिनदुधाचा बिनसाखरेचा कोरा चहा किंवा कॉफी चालते. दूध-साखर घातलेला चहा हे खाणंच आहे. साखरेचा एक चमचा म्हणजे साधारण २० किलोकॅलरी. दोन चमचे साखर आणि अर्धा कप दूध, असे दिवसाचे चार कप धरा, म्हणजे एक जेवण भरतं. ताक, नारळपाणी, गूळपाणी, मधपाणी ही चांगली पेयं आहेत, पण ती खाण्याच्या तासांत घ्या.

सकाळचा दुधाचा चहा एका दिवसात सोडू नका. माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं आणि मी ते भुकेमुळे समजत होते. ते चहा तुटल्यामुळे होतं. पहिल्या आठवड्यात साखर निम्मी, दुसऱ्यात नाही, मग दूध कमी करत कोरा, असं उतरत या. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी रिकाम्या पोटी कोरा चहाही घेऊ नये. त्यांच्यासाठी गरम पाणीच बरं. आणि सकाळचा दुधाचा चहा हेच तुमचं दिवसातलं सुख असेल तर तो बंद करायची काहीच गरज नाही, पहिल्या खाण्याबरोबर तो घ्या. मी रोज पावणेदहाला आलं घातलेला दुधाचा चहा घेते आणि त्याची वाट बघते.

चौथ्या आठवड्यापासून : चौदा तास

बारा तास अंगवळणी पडले की रात्री अर्धा तास अलीकडे या, मग सकाळी दीड तास पुढे जा. रात्री साडेसातला आटोपायचं, सकाळी साडेनऊला सुरू करायचं. नोकरी करणाऱ्या बहुतेक माणसांना इथेच थांबणं परवडतं, आणि माझ्या मते इथेच थांबावं. सोळा तास जमले तर ठीक, पण सोळासाठी जिवाचा आटापिटा करून रविवारी सगळं सोडून देण्यापेक्षा वर्षभर चालणारे चौदा तास कितीतरी मोलाचे. ‘इतक्या तासांनंतर पेशींची साफसफाई सुरू होते’ असे तक्ते फिरत असतात. या साफसफाईवरच्या, म्हणजे ऑटोफॅजीवरच्या संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं, पण त्यांचं मूळ काम यीस्टवरचं आहे. माणसाच्या घड्याळाचा नेमका तास त्यातून निघत नाही. त्या तक्त्यांसाठी स्वतःला ताणू नका.

रात्रपाळी करणाऱ्यांनी ‘संध्याकाळ’ हा शब्द विसरावा. पाळीला निघण्याआधी मुख्य जेवण, मध्यरात्रीच्या आसपास हलकं खाणं, आणि सकाळी घरी येऊन भरपेट न खाता झोपणं, एवढं जमलं तरी पुष्कळ.

ताटात काय

उपास करून वजन उतरलं, पण त्यातले दोन किलो स्नायूंचे गेले, असं होऊ द्यायचं नसेल तर प्रथिनांकडे लक्ष हवं. मी वर सांगितलेल्या २०२० च्या अभ्यासात उपास करणाऱ्यांच्या वजनातला बराचसा उतार स्नायूंचाच निघाला होता. आपल्याकडे रोजची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वजन उतरवत असताना त्याच्या थोडं वर राहिलेलं चांगलं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा.

आता पन्नास ग्रॅम आपल्या स्वयंपाकघरातून कसे भरायचे? एका अंड्यात ६ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात ६-७. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांत साधारण ६. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. बांगड्याच्या शंभर ग्रॅममध्ये १९-२०. ज्वारीच्या भाकरीतही थोडी असतातच. माझा दिवस सांगते. पावणेदहाला दोन अंडी किंवा मुगाची दोन धिरडी, आणि चहा. दीडला डब्यात भाकरी, मटकीची घट्ट उसळ, काकडी आणि वाटीभर दही. पाचला फुटाणे आणि एखादं पेरू किंवा केळं. सव्वासातला पिठलं-भाकरी, पालेभाजी, नाहीतर मुगाची खिचडी आणि परतलेलं पनीर. काहीही विकत आणावं लागत नाही, काहीही वेगळं शिजवावं लागत नाही.

उपास सोडताना पहिला घास कशाचा, हे मी फार जपते. चौदा तासांनंतर रिकाम्या पोटी केळ्याचं शिकरण किंवा नुसते पोहे खाल्ले की अकरा वाजता पुन्हा कडकडून भूक लागते. उसळ, अंडं, धिरडं, दही यांनी सुरुवात झाली तर दीडपर्यंत आठवण होत नाही. पोहे हवे असतील तर त्यात मटार आणि मोड आलेले मूग भरपूर घाला, पोहे कमी.

सगळ्यात शेवटी जेवणारी

हे मी बायकांसाठी लिहिते, आणि घरातल्या पुरुषांनी वाचावं म्हणूनही लिहिते. आठला जेवा म्हणणं सोपं आहे. पण नवरा नऊला येतो, मुलगा क्लासवरून साडेनऊला, सासूबाईंना गरम फुलका लागतो, आणि सगळ्यांची पानं झाल्यावर घरातली बाई दहाला बसते. त्याआधी सात वाजल्यापासून तिने चव बघत, कोशिंबिरीतलं काही उचलत, मुलाच्या ताटातला अर्धा फुलका संपवत एक जेवण केलेलंच असतं. माझी उपासाची पहिली खेप फसली ती इच्छाशक्ती कमी पडली म्हणून नाही, तर या वेळापत्रकामुळे.

दुसऱ्या वेळेला मी घरात बसून सांगितलं : माझी साखर वाढायला लागली आहे, मी साडेसातला जेवणार. पहिले काही दिवस सासूबाईंना अवघडल्यासारखं झालं. सगळ्यांच्या आधी सुनेने पान वाढून घ्यायचं, हे त्यांनी कधी केलंच नव्हतं. आठवड्याने त्याच सव्वासातला माझ्याबरोबर पान घेऊन बसायला लागल्या, आणि रात्रीचा त्यांचा जळजळीचा त्रास कमी झाला. आता नवरा आला की मी त्याच्यासमोर गरम पाण्याचा पेला घेऊन बसते, तो जेवतो, आमच्या गप्पा होतात. भाकऱ्या सातलाच होतात, त्याच्या तो गरम करून घेतो. चव बघायची तर वाटीत अर्धा चमचा काढून बघते, पातेल्यातून पळीभर नाही. बोलल्याशिवाय हे होत नाही. घरात आधी बोला, मग उपास धरा.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक वाढते. तेव्हा चौदावरून बारावर या, त्यात काही मोडत नाही. दोन महिने पाळी चुकली, फार उशिरा यायला लागली किंवा केस पुंजक्याने गळायला लागले तर उपास थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

एकादशी, गणपती आणि लग्नाच्या पंगती

संकष्टी किंवा एकादशी धरणाऱ्यांना वाटतं की आज दोन्ही उपास साधले. साबुदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० किलोकॅलरी असतात आणि प्रथिनं जवळजवळ नसतातच. त्यात शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा. वर बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. देवाचा उपास जरूर करा, पण त्या दिवशी भगर, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, भाजलेलं रताळं, फळं असं पान ठेवा, आणि खिचडी वाटीभरच. संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवण असतं, ते कधी कधी दहाच्या पुढे जातं. त्या रात्री घड्याळ बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहिला घास उशिरा घ्या.

गणपतीचे दिवस, दिवाळी, गावची जत्रा यांत मी खाण्याच्या तासांची खिडकी पुढे-मागे सरकवते, बंद करत नाही. दुपारी मोदक असतील तर दुपारीच खाते, दोन खाते आणि मन लावून खाते. लग्नाचं जेवण रात्री नऊला असेल तर सकाळी अकराला सुरू करते. महिन्यातले चार दिवस असे गेले तर उरलेले सव्वीस आपलेच.

त्रास झाला तर

पहिल्या दहा दिवसांत सकाळी पहिल्या घासाआधी पोटात कावळे ओरडतात. ती भूक लाटेसारखी असते. पेलाभर पाणी पिऊन वीस मिनिटं कामाला लागलं की ओसरते. बद्धकोष्ठ होतं, कारण दोन वेळा खाणं कमी झालं की पाणी आणि पालेभाजीही कमी होते. दिवसाला अडीच लिटरच्या आसपास पाणी, आणि उन्हाळ्यात जास्त. डोकं हलकं वाटलं तर लिंबूपाण्यात चिमूटभर मीठ घाला. पण घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर घड्याळ न बघता लगेच खा. उपास मोडला म्हणून काही बिघडत नाही.

चालणं आणि उठाबशा

पाऊण तास चालणं उत्तमच, पण नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं पंधरा वेळा, भिंतीला हात टेकून जोर दहा वेळा, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलणं, एवढ्यापासून सुरुवात करा. मी हे सकाळी रिकाम्या पोटी करते. ज्यांना गरगरतं त्यांनी संध्याकाळी पाचच्या खाण्यानंतर करावं.

वजनकाटा

पहिल्या आठवड्यात एक-दीड किलो झर्रकन उतरलं तर हुरळू नका. ग्लायकोजेनबरोबर त्याला धरून असलेलं पाणी जातं, चरबी फार थोडी. त्यानंतर आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा चांगला वेग आहे. आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करा. माझा काटा तिसऱ्या महिन्यात पाच आठवडे एकाच जागी अडला होता, पण टेप दोन सेंटिमीटरने आत गेली होती. काटा आणि टेप दोन्ही महिनाभर हलले नाहीत, तर वही पुन्हा काढा आणि सात दिवस वेळांबरोबर काय आणि किती हेही लिहा. माझ्या बाबतीत दुपारच्या शेंगदाण्यांची मूठ दोन मुठींची झाली होती.

तीन महिने झाले की पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या तपासण्या पुन्हा करा. एचबीए१सी तीन महिन्यांचीच सरासरी दाखवतं, त्याआधी करून उपयोग नाही. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण वजन उतरल्यावर पूर्वीची मात्रा जास्त पडू शकते. आपल्या मनाने गोळी मात्र अर्धी करू नका. आठ महिन्यांनी माझं वजन ६७ झालं होतं, कंबर ८८, एचबीए१सी ५.७. अण्णा आता सातला गोळी न घेता डॉक्टरांनी बदलून दिलेली गोळी साडेआठच्या नाश्त्याबरोबर घेतात, आणि रात्री आमच्याबरोबर सव्वासातला पानावर बसतात.